नळाकडचं टोक

॥ श्री ॥
वेस्ट मांबलम, चेन्नई
शनिवार, ५ जुलै २०२५

ती. स्व. अन्नपूर्णावन्संना,
धाकट्या भावजयीचे कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. घरात फोन असताना मी एवढं मुंगीच्या पायांचं अक्षर का काढत बसते, असं तुम्ही विचारलंत. अहो, फोनवर मी इकडून ओरडते, तुम्ही तिकडून "काय?" म्हणता, आणि खालच्या मजल्यावरच्या मामी घरात भांडण झालं का ते बघायला वर येतात. त्यापेक्षा अंतर्देशीय बरं. कागद तेवढाच आणि सांगायचं फार, म्हणून अक्षर बारीक.

उद्या आषाढी. घरातला कांदा-लसूण आज संपवला. तुमच्या बंधूंनी काल दोनदा कांदाभजी मागून घेतली, जसे काही चार महिने तुरुंगातच निघालेत. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं सगळं लक्ष माझ्या कढईवर असतं.

मला मात्र नवी नोकरी लागली आहे, बिनपगारी. आपल्या मकरंदची श्रीरंजनी यंदा चौथीत गेली. तिची शाळा मागच्याच गल्लीत आहे. इथल्या तंजावरी मराठी मंडळींनी फार वर्षांपूर्वी काढलेली. दुपारचं जेवण शाळाच देते, मुलं जमिनीवर पंगतीनं बसतात आणि वाढायला घरोघरच्या आज्या जातात. माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. मुलं मला "मराठी पाट्टी" म्हणतात, म्हणजे मराठी आजी. बादली उचलताना कंबर बोलते, पण पंगत पाहिली की मला आपल्याकडच्या उत्सवाची आठवण येते आणि कंबर गप्प होते.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यांत खुपली. पंगत दारापासून सुरू होते आणि हात धुवायच्या नळाशी संपते. नळाच्या अगदी कडेला, मधे दोन ताटांची जागा सोडून, एक मुलगी एकटी बसलेली. तिचं नाव लालरेमरुआती. मी देवासमोर बसून घोकलं तेव्हा कुठे पाठ झालं. शाळेत तिला रेमी म्हणतात. माणसं मिझोरामची. आई सांगी इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, वडील सैन्यात, दूर कुठेतरी सीमेवर. मी वर्गशिक्षिकेला विचारलं की ही अशी बाजूला का. तिनं आवाज खाली आणून सांगितलं की दोन आयांचे फोन आले होते. त्यांचं म्हणणं, या लोकांच्या घरी काय काय खातात कोण जाणे, आजारबिजार असला तर? मी म्हटलं, बाई, इथे तर ती आपल्याच पातेल्यातला सांबारभात खाते. त्यावर ती नुसती हसली. हसून सोडून द्यायची ही इथली रीत मला अजून जमलेली नाही.

मुलं तिला "चायना" म्हणतात आणि बोटांनी आपले डोळे ताणून दाखवतात. आपलं रत्नही त्यातलंच. घरी आल्यावर विचारलं, तर श्रीरंजनी म्हणाली की सगळेच करतात, आणि आजी, रेमीपण हसते. मी विचारलं, ती हसते तेव्हा तिचे दात दिसतात का? बराच विचार करून म्हणाली, नाही.

आता माझा पराक्रम ऐका. तुम्हीच मला शिकवलंत ना, की पंगत कुठून सुरू होते ते भिंत ठरवत नाही, वाढणारी ठरवते. मीठ पहिल्यांदा ज्या पानात पडलं तेच अग्र. काल शुक्रवार होता, सक्कर पोंगलचा दिवस. म्हणजे गुळाचा, तुपाचा, काजू घातलेला भात. मी बादली घेतली, दार ओलांडून सरळ नळापाशी गेले आणि पहिला डाव रेमीच्या ताटात घातला. तिथून उलटी दाराकडे आले. सगळी पंगत माना वळवून बघत राहिली. दाराकडूनच वाढायचं, असं कुठे लिहून ठेवलंय का? काल मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

रागावायचं असेल तर पोस्टकार्डावर रागवा, म्हणजे थोडक्यात आटपेल. तुमच्या राघोत्तमला आशीर्वाद. माया आहे तेवढीच राहू दे, कमी करू नका.

तुमची,
मधुवंती


॥ श्री ॥
मिरज
१४ जुलै २०२५

चि. सौ. मधुवंतीस,
अन्नपूर्णेचे अ. उ. आ. वि. वि.

माझा राग पोस्टकार्डात मावत नाही, हे लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला ठाऊक आहे. म्हणून हे पाकीट.

तू तिथे वाढायला जातेस की लढायला? शाळेत प्रवेश मिळवायला मकरंदनं किती खेटे घातले ते तूच मला लिहिलं होतंस. आता तो पालकांच्या कमिटीवर आहे, लोक त्याला विचारतात, आणि त्याची आई पंगत उलटीकडून वाढते! रवीला काय, त्याला भजी मिळाली की त्याचं जग सुरळीत. बोलायला मलाच पाहिजे.

आणि खरं सांगू, ते लोक काय काय खातात ते मीही ऐकलंय. मला तर ते लिहवतसुद्धा नाही. त्या आयांना भीती वाटली असेल तर त्यात नवल ते काय?

पण तुझं पत्र वाचून गप्पही बसवेना. राघोत्तमला विचारलं. त्याच्या ऑफिसात मणिपूरचा एक मुलगा आहे. तो म्हणतो त्यांच्याकडे चांगले वैष्णव आहेत, नाकावर गंध, गळ्यात तुळस, कीर्तन काय, रास काय. तेव्हा ही मुलगी त्यांच्यातली आहे का एवढं हळूच विचार. असली तर गोपीचंदनाचा खडा त्या बायांच्या हातावर ठेव आणि मोकळी हो. नसली तर बादली खाली ठेव, घरी ये आणि जप कर. चातुर्मास आहे.

श्रीरंजनीचा कान मात्र पिळ. दात न दाखवता हसण्याचं वाचलं आणि हातातला घास ताटात ठेवून उठले.

इथे सगळं ठीक. राघोत्तमनं मला कानाचं यंत्र आणलंय. ते लावलं की शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येतो, माणसं नाहीत. काढून ठेवलं. प्रकृतीला जप, डोकं थंड ठेव, आणि मला विसरू नकोस.

तुझी,
अन्नपूर्णा


॥ श्री ॥
वेस्ट मांबलम
२४ जुलै २०२५

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा राग मिळाला, देवापाशी ठेवला. आता पुढचं ऐका, पण आधी बसून घ्या.

पोरं फार हुशार असतात. नळाकडून वाढायला सुरुवात होते आणि काजू आधी तिकडेच पडतात, हे त्यांना एका शुक्रवारात कळलं. पुढच्या मंगळवारी निम्मी पंगत नळाकडे सरकली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी रेमीच्या दोन्ही बाजूंना बसायला ढकलाढकली, दाराकडचं टोक ओस. कौशिक म्हणून एक पैलवान आहे चौथीत. रेमीला "चायना" म्हणण्यात जो सर्वांत पुढे, तोच तिला विनवत होता, जरा सरक ना, जरा सरक ना. मी पदरानं तोंड झाकून हसले. आया मात्र हसल्या नाहीत. त्यांचा व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. त्यात दोन दिवस नुसता धूर.

मग कमिटीचे अध्यक्ष शेषाद्री आमच्याकडे आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, कपाळावर नाम, बोलणं तुपातलं. बरोबर दोन आया. हातात इंग्रजी अर्ज. म्हणाले, मामी, सर्वांत वर सही तुमची पाहिजे. सगळ्या गल्लीत तुमच्याएवढं आचारानं कोण राहतं? तुमचं सोवळं, तुमचे उपास आम्ही बघतो. तुमची सही दिसली की कोणी तोंड उघडणार नाही. म्हणजे बघा, सोवळी बाई म्हणून त्यांनी मला आपल्या बाजूला धरूनच टाकलं होतं!

मी मॅट्रिकचं इंग्रजी बाहेर काढून चष्मा लावून वाचलं. फार सुरेख लिहिलं होतं. आरोग्य, सर्व मुलांची सोय, आणि वेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी व्हरांड्यात वेगळी व्यवस्था. जणू शाळेत पंचवीस रेम्या आहेत. मी विचारलं, ही मुलं म्हणजे कोण? तिघंही एकमेकांकडे बघून हसली. तेव्हा मी सांगितलं की माझं सोवळं मी माझ्या अंगाला नेसते, दुसऱ्याच्या लेकराला बाहेर काढायला ते वापरत नाही. सही मिळायची नाही, कॉफी मिळेल. कॉफी घेतली त्यांनी. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्यांच्या पाळीच्या फळ्यावर माझं नाव नव्हतं.

हे सोसलं असतं. पण जेवताना कळलं की तो सुरेख अर्ज लिहिला कोणी. आपल्या मकरंदनं. तो म्हणतो, आई, त्यांनी याहून वाईट लिहिलं असतं. मी फक्त सभ्य भाषेत बसवलं. म्हणजे त्याच्या मते त्यानं रेमीवर उपकारच केले! आपल्या सूनबाईनं, नीलमनं, डाव पातेल्यात असा ठेवला की तुमचे बंधू दचकले. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं श्रीरंजनीमार्फत चाललंय: बाबाला सांग पोळी गार होतेय, आजीला सांग भूक नाही.

मी सांगीला भेटून आले. स्टेशनजवळ एका खोलीत राहतात, लख्ख ठेवली आहे. दोघींचं तमिळ सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. तिनं चहा केला. चातुर्मासात मी बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाही. चहा घेतला.

तिचं ठरत आलंय, वन्सं. सप्टेंबरात तिमाही परीक्षा झाली की रेमीला ऐजॉलला आजीकडे पाठवणार. नोकरी सोडता येत नाही, म्हणून स्वतः इथे राहणार. नऊ वर्षांची पोर आईवेगळी. मी म्हटलं, इतकी घाई का? तर सांगितलं, की रेमीनं मागच्या आठवड्यात विचारलं, आई, तुझ्या दवाखान्यात डोळे मोठे करून देतात का?

तुम्ही विचारायला सांगितलंत ते विचारायची गरजच पडली नाही. ख्रिस्ती आहेत, भिंतीवर येशूची तसबीर आहे. आणि वैष्णव असत्या तरी मी गोपीचंदन पुढे केलं नसतं. उद्या गंध नसलेली दुसरी पोर आली, तर तिला नळाकडे बसवायला मीच परवानगी दिल्यासारखं झालं असतं. मी नवी नवरी होऊन इथे आले तेव्हा माझ्या तमिळला सगळी गल्ली हसायची. मी तमिळ थोडंफार सुधारलं, हसणं बरंच थांबलं. या पोरीनं काय सुधारायचं, सांगा?

अर्जावर सभा २३ ऑगस्टला, शनिवारी. ठराव झाला तर ती जाणारच. मकरंदशी काय बोलावं ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर पाहा. एरवी माझ्यावर चिडता, या वेळी माझ्यासाठी चिडा.

तुमची,
मधुवंती


॥ श्री ॥
मिरज
४ ऑगस्ट २०२५

चि. मकरंदास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुला मराठी वाचायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. मलाही दातदुखीचा कंटाळा येतो, तरी दात आहेत. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तू शाळेसाठी एक अर्ज लिहिलास असं कळलं. फार सुरेख इंग्रजी आहे म्हणतात. मला इंग्रजी पत्त्यापुरतं येतं. म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. तो अर्ज तू मला मराठीत लिहून पाठव. शब्दाला शब्द नको. आपण चहा पिताना बोलतो तशा बोलण्यात लिही: कोणाला उठवायचं, कुठे बसवायचं आणि का. ते "का" नीट लिही. वाचून मला पटलं तर मी स्वतः त्याच्यावर सही करीन आणि तुझ्या आईला गप्प बसवीन. मी तिला एकदा गप्प बस म्हणून लिहिलेलंच आहे, हे तुझ्या माहितीसाठी.

आता खरं सांगते. मलाही त्या लोकांची किळसच वाटत होती. कधी एकाला पाहिलेलं नाही, तरी वाटत होती. पण ती पोर आईला डोळे मोठे करण्याचं विचारते, हे वाचलं, आणि रात्रीपर्यंत कशात लक्ष लागेना. राघोत्तम म्हणाला, आई, जेव. म्हटलं, आधी पत्र लिहिते.

उत्तर चुकवू नकोस. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही, आणि या कामात तेच सोयीचं आहे.

तुझी,
आत्या

ता. क. आईला सांग की पंचांग उघडलं. सभा शनि-अमावस्येला ठेवली आहे! माणसं आहेत की कोण?


चेन्नई
१३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
मकरंदचा साष्टांग नमस्कार.

माझं मराठी शुद्ध नाही, सांभाळून घे. तू सांगितलंस म्हणून रविवारी लिहायला बसलो. इंग्रजीत तो अर्ज मी अर्ध्या तासात लिहिला होता. मराठीत पहिलं वाक्य जमेना. "त्या मुलीला" इथपर्यंत येत होतो, पुढे कागद फाडत होतो. नीलम विचारून गेली, ऑफिसचं काम आहे का? श्रीरंजनीनं खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, रेमीला कुठे पाठवताय?

"का" लिहिता आलं नाही, आत्या. म्हणून अर्ज पाठवत नाही. सभेत काय करायचं ते अजून कळत नाही. शेषाद्रींना शब्द दिलेला आहे. भीती वाटते. आईला अमावस्येचा निरोप तेवढा श्रीरंजनीमार्फत दिला, बाकी यातलं काही सांगितलं नाही.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद असू देत.

मकरंद


॥ श्री ॥
वेस्ट मांबलम
२५ ऑगस्ट २०२५

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

परवा गणपती येतील, तांदळाची पिठी व्हायची आहे, नारळ खवायचे आहेत, आणि मी पत्र घेऊन बसले आहे. आधी तुमच्या अमावस्येचं. इकडे लोक अमावस्या शुभ मानतात, चांगली कामं मुद्दाम त्या दिवशी काढतात. यंदापासून मीही मानणार आहे.

सभा शाळेच्या जेवणाच्याच हॉलमध्ये झाली. शेषाद्रींनी अर्ज इंग्रजीत वाचला. लोक माना डोलवत होते, जशा इथल्या कच्चेरीत, म्हणजे मैफलीत, गाण्याला डोलवतात. मुख्याध्यापिका महालक्ष्मी मॅडम हात वर करायला सांगणार, तेवढ्यात आपला मकरंद उठला. मला वाटलं, आता हा आभार मानतो. मी मान खाली घातली.

तर तो म्हणाला, अर्ज मी लिहिला आहे, तेव्हा हात वर करायच्या आधी तो घरच्या भाषेत एकदा वाचून दाखवतो. आणि तमिळमध्ये, भाजीवाल्याशी बोलावं तशा साध्या बोलण्यात त्यानं वाचलं, की चौथीत एक मुलगी आहे, ती आजारी नाही, अस्वच्छ नाही, आमच्याच पातेल्यातलं जेवते. पण तिचा चेहरा आमच्यासारखा नाही, म्हणून तिला सोमवारपासून बाहेर बसवा. एवढंच. मग खाली बसायच्या ऐवजी उभाच राहिला.

एक आई चिडून म्हणाली की आम्हाला असं म्हणायचंच नव्हतं. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, मग काय म्हणायचं होतं ते सांगा, मी लिहून घेतो. खिशातून पेनही काढलं. शेषाद्री पुन्हा आरोग्य, आरोग्य करू लागले. तेव्हा नीलम उठली, आपली न बोलणारी नीलम, आणि म्हणाली की मग सोमवारी दाराशी उभे राहा आणि सगळ्यांचीच नखं बघा, माझ्या मुलीपासून सुरुवात करा. तिची काळी असतात.

मीही भाषण पाठ करून गेले होते. उठल्यावर सगळं तमिळ पळून गेलं. इतकंच म्हणाले, ती मुलगी बाहेर तर मीही बाहेर, तिच्या शेजारी. मागे कोणीतरी माझ्या उच्चारांना फिसकन हसलं. हसू दे.

तरी हात वर झाले, वन्सं. थोडे, पण झाले. शेषाद्रींचा हात सर्वांत ताठ. माणसं एका सभेत बदलत नाहीत. पण महालक्ष्मी मॅडमनी ते मोजले नाहीत. बाई मनानं मऊ, आजवर सगळ्यांना सांभाळून घेणारी. पण परवा उभी राहिली आणि म्हणाली की हे मी जूनमध्येच थांबवायला हवं होतं, चूक माझी. या शाळेत कोणतंही मूल बाहेर बसून जेवणार नाही. आणि जो डोळे ताणून दाखवील त्याच्या आईवडिलांना मी माझ्यासमोर बसवून तेच करायला लावीन. दोन आया म्हणाल्या, आम्ही मुलांना काढून घेऊ. मॅडम म्हणाल्या, दाखले सोमवारपासून मिळतील.

घरी येताना मकरंद माझ्या शेजारून चालला. म्हणाला, पोळी गार झाली असेल ना. मी म्हटलं, गरम करते. झालं आमचं.

आता जे लिहायला बसले ते. सांगी मागे, भिंतीला टेकून बसली होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. ती आमच्याबरोबर घरी आली. मी कॉफी केली आणि खरं सांगते, मनातून आभाराची वाट बघत होते. तिनं मकरंदचे मानले, नीलमचे मानले. मग मला म्हणाली की रेमीला पहिला डाव नको असतो. बादली तिच्याकडे यायला लागली की सगळी पंगत तिच्या चेहऱ्याकडे बघते, तेव्हा ती डोळे मिटून घेते. आधी नळाकडे बसवली म्हणून बघायचे, आता मान मिळतो म्हणून बघतात. तिला कुठेतरी मधे बसायचंय, जिथे कोणी बघणार नाही.

आणि मी शुक्रवारच्या शुक्रवार ऐटीत चालत जात होते! तिचे मिटलेले डोळे मला दिसले होते. मला वाटलं, पोर देवाचं नाव घेते.

ऐजॉलचं अजून तसंच आहे. सांगी म्हणते, मी रेमीवरच सोडलंय, परीक्षा झाली की ती सांगेल. मी कॉफीचे पेले विसळत बसले. फळ्यावर माझं नाव पुन्हा लागलंय, त्याचाही आनंद नीटसा झाला नाही.

गणपतीला तुमच्या नावाचे मोदक ठेवीन. खाणार अर्थात तुमचे बंधू. माझ्यावर हसा, पण प्रेमानं हसा.

तुमची,
मधुवंती


॥ श्री ॥
मिरज
६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ. वि. वि.

गौरी-गणपती छान झाले. तुझं पत्र राघोत्तमला मोठ्यानं वाचायला लावलं. यंत्र कानात घातलं होतं. मकरंदनं पेन काढलं तिथे मी त्याला दोनदा वाचायला लावलं. आमच्या घराण्यातला एक पुरुष सभेत उभा राहून खरं बोलला, तोही कोणी हात धरून उठवलेला नसताना. रवीला सांग, तुझ्या वेळी नुसती भजी झाली.

बाकी तू मनाला फार लावून घेऊ नकोस. तुला लग्नात मी भरजरी शालू नेसवला होता आणि तू सबंध दिवस घामानं निथळत बसली होतीस, तेव्हा तूही तोंड उघडून नको म्हणाली नव्हतीस. मला आज कळतंय. त्या पोरीच्या आईनं निदान सांगितलं तरी.

पितृपक्ष लागतोय, पत्र उशिरा आलं तरी चालेल, पण एक गोष्ट मला कार्डावर का होईना कळव: ती राहते की जाते? रोज जपाला बसले की तेच आठवतं आणि माळ चुकते. देव माझ्यावर रागावला तर त्याला तुझं नाव सांगणार आहे.

आपण दोघींनी एकमेकींना धरून राहावं, एवढंच मागणं.

तुझी,
अन्नपूर्णा


॥ श्री ॥
वेस्ट मांबलम
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. वन्संना,
सा. न. वि. वि.

माळ नीट ओढा, ती राहते.

तिमाही परीक्षा काल संपली. सांगीनं तिला विचारलं की आता काय ठरवलंस. रेमी म्हणाली की चौथीच्या खो-खोच्या संघात तिला घेतलंय, जानेवारीपर्यंत रोज सराव आहे, तेव्हा ऐजॉलला जायला तिला वेळ नाही. झालं! एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल तिनं बुटाची नाडी बांधता बांधता दिला. सांगी मला हे सांगायला आली आणि दारातच हसता हसता रडायला लागली. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन शेंगा निवडायला बसवलं. रडणाऱ्या माणसाच्या हाताला काम लागतं.

सगळं गोड झालं असं मात्र लिहीत नाही. त्या दोन आयांपैकी एकीनं मुलाला खरंच काढलं. शेषाद्री मला देवळात भेटले की दुसऱ्या बाजूनं प्रदक्षिणा घालतात. कौशिकच्या तोंडून सोमवारी पुन्हा "चायना" निघालं. श्रीरंजनी म्हणते, मी त्याला म्हटलं की तू म्हशीसारखा दिसतोस. मी तिला रागावले, की हे काही उत्तर नव्हे. ती म्हणाली, मग उत्तर कोणतं, आजी? मी म्हटलं, बाईंना जाऊन सांग. ती म्हणाली, ते रेमीनं आधीच सांगितलं. त्याचे वडील येऊन गेले.

आज माझी पाळी होती. सक्कर पोंगलचा दिवस. पोरांना परीक्षा संपल्याचं वारं लागलेलं, गोंगाट असा की बादलीची कडी वाजलेली मला ऐकू येईना. मी दाराकडून सुरुवात केली. एक म्हणतो मला काजू नको, एक म्हणते त्याचे मला घाला, एकाचं ताटच सापडत नाही. वाढत वाढत नळाशी पोचले, बादली खाली टेकवली, कंबर सरळ केली, आणि एकदम मनात आलं. रेमीला वाढलं का? काही केल्या आठवेना. मागे वळून पाहिलं, तर सगळ्या पोरींच्या सारख्या वेण्या, सारख्या लाल फिती, सगळ्यांच्या माना ताटात. शोधावी लागली. तेव्हा कुठे मधेच दिसली. दोन्ही गाल भरलेले, आणि तशा भरल्या तोंडानं ती श्रीरंजनीशी काजूवरून कचाकचा भांडत होती.

बाकी सगळं नेहमीचंच. माझा तुमच्यावरचा जीवही.

तुमची,
मधुवंती